वाचकांचे प्रश्न : फाईलमध्ये असलेला, पण न वाचलेला आकडा

रोगप्रतिकारशक्तीवर आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गाव तेवढं ठेवलं आहे. गुळवेल, काढे आणि 'इम्युनिटी'च्या गोळ्यांबद्दलच्या पत्रांना एकत्रच सांगतो: ज्याच्या शरीरात बी-पेशी किंवा टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयारच होत नाहीत, त्याच्यात त्या काढ्याने तयार होत नाहीत. आणि गुळवेल म्हणजे निरुपद्रवी असंही नाही. तो घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. जूनमध्ये नर्सरीत घातला तेव्हापासून दर महिन्याला सर्दी-खोकला. शेजारच्या काकू म्हणतात, याची इम्युनिटीच कमी आहे. लॅबचं 'इम्युनिटी पॅकेज' करून घेऊ का?
— एक आई, जेलरोड, नाशिकरोड

पॅकेजवर पैसे घालू नका. शाळेच्या पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होणं नेहमीचंच. सर्दीच्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि तुमच्या मुलाची त्यांच्याशी आत्ता कुठे ओळख होते आहे. दोन आजारांच्या मधल्या दिवसांत तो धावतो-खेळतो का, खातो का आणि वजन वाढतंय का, ते बघा. हे ठीक असेल तर काकूंना चहा पाजा आणि विषय सोडा.

काळजीच्या खुणा वेगळ्या असतात. वर्षात दोनदा न्यूमोनिया, वर्षात चारदा कान फुटणं, दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, दर वेळी शिरेतूनच औषध द्यावं लागणं, खोलवरचे गळू पुन्हा पुन्हा होणं, पहिला वाढदिवस झाल्यावरही तोंडात पांढरी बुरशी टिकणं, वजन न वाढणं, किंवा घरात लहान मूल संसर्गाने दगावलेलं असणं. यांतलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

तुमच्या फाईलमध्ये जुना सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, असेलच. डेंग्यूच्या दिवसांत तो कोणाच्या घरात नसतो! त्यात एकूण पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइटची (बी-पेशी आणि टी-पेशी यांतच येतात) टक्केवारी छापलेली असते. दोन्हींचा गुणाकार करून 100 ने भागा. पेशी 9,000 आणि लिम्फोसाइट 40 टक्के, म्हणजे 3,600. चार वर्षांच्या मुलात हा आकडा साधारण 2,000 च्या वर असतो. टक्केवारीसमोर 'जास्त' अशी खूण दिसली तर घाबरू नका. बऱ्याच लॅब मोठ्या माणसांची मर्यादाच छापतात आणि लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात.

प्रश्न : लेकीचा पहिला मुलगा पाचव्या महिन्यात न्यूमोनियाने गेला. त्याच्या तोंडात सारखी पांढरी बुरशी असायची आणि बीसीजीची जागा चिघळून काखेत मोठी गाठ आली होती. आता ती बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे, आठवा महिना आहे. जावई माझ्या नणंदेचाच मुलगा. जन्मल्याबरोबर बीसीजी द्यायचीच असं आशाताई म्हणतात. द्यायची का?
— एक आई, दिंडोरी तालुका

ताई, या बाळाला तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत बीसीजी देऊ नका. आशाताईंचंही चुकलेलं नाही. इतर सगळ्या बाळांना ती जन्मतःच मिळायला हवी, आणि बीसीजीची जागा दोन-चार आठवड्यांनी लाल होऊन फुटणं, मग व्रण राहणं हेही नेहमीचंच. काखेत छोटी गाठ तर निरोगी बाळांतही येते. पण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे न जाणारी बुरशी, चिघळलेली बीसीजी आणि सहा महिन्यांच्या आतला जीवघेणा न्यूमोनिया, एकत्र आल्या की एससीआयडी या जन्मजात आजाराची शंका घ्यावीच लागते. यात टी-पेशी तयार होत नाहीत, त्यामुळे बी-पेशी असल्या तरी निकामी राहतात. बीसीजीत जिवंत जंतू असतात, दुबळे केलेले असले तरी. अशा बाळाच्या अंगात ते पसरत जातात.

पहिल्या बाळाची दवाखान्याची फाईल ठेवली असेल तर काढा. त्यातल्या सीबीसीवर वर सांगितलेला गुणाकार करा. पेशी 6,200 आणि लिम्फोसाइट 9 टक्के असतील तर उत्तर येतं 558. इतक्या लहान बाळात 3,000 च्या खालचा आकडा तपासल्याशिवाय सोडायचा नसतो. अडचण अशी, की एकूण पेशी 6,200 दिसल्या की सगळ्यांना हायसं वाटतं आणि खालची ओळ कोणी वाचत नाही. मोठ्या संसर्गात लिम्फोसाइट काही दिवस घसरतात हेही खरं, पण मग बरं वाटल्यावर पुन्हा मोजायला हवेत.

आता करायचं ते असं. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात नको, नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयात ठरवा. माता-बाल संरक्षण कार्डावर आजच ठळक लिहून घ्या: 'आधीचं बाळ संसर्गाने दगावलं, प्रतिकारशक्तीचा आजार संशयित, जिवंत लसी थांबवा.' यात जन्माच्या वेळची बीसीजी आणि पोलिओचे थेंब आले, सहाव्या आठवड्याचे रोटाव्हायरसचे थेंबही आले. हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट आणि इंजेक्शनची पोलिओ लस यांत जिवंत जंतू नाहीत, त्या देता येतात. बीसीजी सरकारी कार्यक्रमात एक वर्षापर्यंत देता येते, त्यामुळे बाळ निरोगी निघालं तर महिनाभराच्या उशिराने काही बिघडत नाही.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सीबीसी करा आणि सोबत फ्लो सायटोमेट्री. या तपासणीत टी, बी आणि एनके या तीन प्रकारच्या लिम्फोसाइट वेगवेगळ्या मोजतात. फक्त सीबीसीवर भागत नाही, कारण कधी कधी आईच्याच टी-पेशी बाळात शिरून आकडा बरा दाखवतात. मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे अशा आजारांचं निदान होतं. जवळच वाडिया बालरुग्णालयही आहे. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत, साधारण दोन मिली. नळी उलटीसुलटी करून रक्त नीट मिसळा, पण हलवून फेसाळू नका. ती बर्फात ठेवायची नाही! पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, म्हणून नमुना खोलीच्या तापमानाला आणि 24 तासांच्या आत. आदल्या रात्री काढून ठेवण्यापेक्षा पहाटे काढून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने माणसासोबत पाठवलेला बरा. आधी फोन करून विचारा, आणि शनिवार-रविवार टाळा, नाहीतर नळी टेबलावर पडून राहते.

निकाल येईपर्यंत बाळाला गर्दीपासून दूर ठेवा. बारशाला पन्नास बायका नकोत. खोकणाऱ्याने बाळाला घ्यायचं नाही. घरातल्या दुसऱ्या लहान मुलाला पोलिओचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण थेंबातला विषाणू शौचातून बाहेर पडतो. अंगावरचं दूध परस्पर तोडू नका. आईच्या रक्तात सीएमव्ही या विषाणूची तपासणी करून डॉक्टर काय ते ठरवतील. आणि बाळाला रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएटेड, म्हणजे किरणांनी त्यातल्या पांढऱ्या पेशींची वाढ थांबवलेलं, आणि सीएमव्ही नसलेलंच हवं. साध्या रक्तातल्या दात्याच्या टी-पेशी अशा बाळाच्या शरीरावरच उलटतात आणि तो प्रकार बहुतेकदा जीव घेतो. रक्त कसं हवं, हेही कार्डावर लिहून घ्या.

आजार निघालाच तर उपाय आहे: अस्थिमज्जा प्रत्यारोपण. एससीआयडीच्या बाळात ते पहिल्यांदा 1968 मध्ये यशस्वी झालं. संसर्ग होण्याआधी, साडेतीन महिन्यांच्या आत झालं तर निकाल सर्वांत चांगले येतात. म्हणूनच ही घाई. सख्खं भावंड जुळलं तर उत्तम, नाहीतर आई किंवा वडील अर्धे जुळतात, त्यांच्याकडूनही करता येतं. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात एससीआयडी पहिल्या गटात आहे, केईएम हे त्यातलं मान्यताप्राप्त केंद्र आहे आणि मदतीची मर्यादा 50 लाख रुपये आहे. अर्ज त्या केंद्रातूनच होतो, नाशिकहून परस्पर नाही.

आते-मामे भावंडांतलं लग्न असल्याने दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका, मुलगा असो वा मुलगी. मुलगी झाली म्हणून तपासणी टाळू नका. लेकीला मात्र कोणी बोल लावत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा: असं जनुक दोन्ही बाजूंनी येतं.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला एक्सएलए आहे. वजन 18 किलो. दर महिन्याला आयव्हीआयजी देतो. मागच्या वेळी सलाईन चालू असतानाच थंडी वाजून ताप आला आणि डोकं दुखलं. बाटल्या मुंबईहून आणतो. दीड महिन्यातून एकदा दिलं तर चालेल का?
— एक वडील, सातपूर

चालणार नाही. एक्सएलएमध्ये बीटीके नावाच्या जनुकातल्या दोषामुळे बी-पेशी पिकत नाहीत आणि अँटिबॉडी तयार होत नाहीत. ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी 1952 मध्ये आठ वर्षांच्या मुलात हा आजार दाखवून दिला, जनुक सापडलं 1993 मध्ये. टॉर्च लावून तुमच्या मुलाचा घसा बघा: टॉन्सिल जवळजवळ दिसणारच नाहीत, कारण ते बी-पेशींनीच भरतात. आयव्हीआयजी म्हणजे रक्तदात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून देणं. बाटलीतून मिळणारं आयजीजी, म्हणजे त्यातली मुख्य अँटिबॉडी, तीन आठवड्यांत निम्मं होतं, सहा आठवड्यांत पाव. तुम्ही वाचवू पाहता तो पैसा एका न्यूमोनियात जाईल, आणि वारंवार न्यूमोनिया झाला की फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या रुंदावतात, त्या पूर्ववत होत नाहीत.

डोसचा हिशेब तुम्हालाही येऊ द्या. किलोमागे 400 ते 600 मिलीग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी. 18 गुणिले 400 म्हणजे 7.2 ग्रॅम. बाटल्या 5 आणि 2.5 ग्रॅमच्या मिळतात, त्यामुळे 7.5 ग्रॅम देतात आणि उरलेलं फेकत नाहीत. मुलाचं वजन वाढलं की डोस वाढतो. वर्षभर जुनाच कागद दाखवत राहू नका. डोस पुरतो का ते पाहायला पुढच्या सलाईनच्या अगदी आधी आयजीजी तपासतात. तो 700-800 च्या वर हवा, आणि तरीही संसर्ग होत असतील तर आणखी वर.

ताप-थंडी बहुतेक वेळा वेगामुळे. 5 टक्क्यांचं द्रावण असेल तर 7.5 ग्रॅम म्हणजे 150 मिली. सुरुवात किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे तुमच्या मुलाला तासाला 9 मिली. अर्ध्या तासाने 18, मग 36, मग सोसलं तर 72. असं साधारण सव्वातीन तास लागतात. दुपारी दोनचा ओपीडी संपायच्या आत बेड रिकामा करायचा म्हणून दीड तासात सोडलं की ताप येणारच. कंपनीप्रमाणे वेग थोडा बदलतो, बाटलीसोबतच्या कागदावरचा आकडा अंतिम. त्रास सुरू झाला तर आधी सलाईन थांबवा, मग निम्म्या वेगाने पुन्हा लावा. त्या दिवशी सकाळपासून भरपूर पाणी पाजा. अंगात ताप असताना डोस घ्यायचा की दोन दिवस थांबायचं हे डॉक्टरांना विचारा. त्रास अशा वेळी जास्त होतो. दुसऱ्या दिवशी मान आखडून जोरात डोकं दुखलं, उलट्या झाल्या तर घरी थांबू नका.

दुसरं कारण थंडगार बाटली. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, हलवू नका. फेस आला की प्रथिनांचे गठ्ठे होतात. साठवण 2 ते 8 अंशांत: फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नाही आणि बर्फाच्या पेटीला चिकटूनही नाही. मुंबईहून आणताना आइसपॅक आणि बाटली यांच्यामध्ये जाड टॉवेल घाला. मे महिन्यात कसारा घाटात उकाड्याची भीती सगळ्यांना असते, पण गोठलेली बाटली ही जास्त वेळा होणारी चूक आहे. गोठलेली, गढूळ किंवा तुकडे तरंगणारी बाटली वापरायची नाही, कितीही महाग असली तरी. प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर वहीत चिकटवून ठेवा. वहीत वजन, वेग आणि झालेला त्रासही लिहा. मागच्या वेळी कोणत्या कंपनीचं होतं हे नव्या नर्सला सांगता येईल.

त्याला पोलिओचे थेंब किंवा इतर जिवंत लस देऊ नका, घरातल्या सगळ्यांनी मात्र दर वर्षी फ्लूची लस घ्यावी. हिपॅटायटिसची किंवा दुसरी कुठली अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती बाटलीतल्या रक्तदात्यांची असू शकते. शंका असेल तर विषाणूचीच पीसीआर करा. आणि मुलाच्या मावशीला सांगा: हे जनुक आईकडून आलेलं असू शकतं, तेव्हा तिच्या मुलांचंही आयजीजी एकदा तपासून घ्या.

प्रश्न : वय 34. दोन वर्षांत तीनदा न्यूमोनिया, सायनस कायम भरलेलं, जुलाब थांबत नाहीत, शौचात जिआर्डिया हा परजीवी निघतो. एचआयव्ही निगेटिव्ह आहे. सिंहस्थात घरच्यांसोबत रामकुंडावर स्नान करावं का?
— एक वाचक, पंचवटी

स्नानाआधी लिव्हर फंक्शनचा जो रिपोर्ट तुम्ही जोडला आहे त्याबद्दल बोलू. त्यात एकूण प्रोटीन 5.7 आणि अल्ब्युमिन 4.3 आहे. वजाबाकी 1.4. हे ग्लोब्युलिन, आणि ते दोनच्या वर हवं. एन्झाइम नॉर्मल म्हणून रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलं गेलं. अँटिबॉडी याच ग्लोब्युलिनमध्ये असतात, त्यामुळे पुढची तपासणी आयजीजी, आयजीए आणि आयजीएम. लघवीतून किंवा आतड्यातून प्रथिनं गळत असती तर अल्ब्युमिनही घसरलं असतं. तुमचं चांगलं आहे, म्हणजे गळतीपेक्षा निर्मितीतच कमतरता असावी. लघवीतलं प्रोटीन तरी एकदा बघा. फिट्सची फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन, रितुक्सिमॅब, जास्त काळ स्टेरॉइड यांतलं काही घेता का ते सांगा. लिम्फोमा, मायलोमा हे कर्करोग वगळायला प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस लागतं.

हे सगळं वगळून आयजीजी कमीच राहिलं तर सीव्हीआयडी, म्हणजे मोठेपणी लक्षात येणारी अँटिबॉडीची कमतरता. हा आजार विशी ते चाळिशीत लक्षात येतो आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण न्यूमोनिया छातीवाल्याकडे, सायनस कानवाल्याकडे आणि जुलाब पोटवाल्याकडे जातात. पक्कं करायला धनुर्वाताची लस देऊन आधी आणि चार आठवड्यांनी अँटिबॉडी मोजतात. हे आयव्हीआयजी सुरू करण्याआधीच झालं पाहिजे. नंतर जे मोजाल ते दात्यांचं. छातीचा सीटी स्कॅनही करून ठेवा.

रामकुंडावर जायला हरकत नाही, पण डुबकी नको आणि ओंजळीने तीर्थ तर अजिबात नको. पाय बुडवा, घरी येऊन साबणाने हात धुवा. प्यायचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिटभर तसंच उकळू द्या. जिआर्डियाच्या आवरणाला नळातल्या क्लोरीनचं फारसं काही वाटत नाही.

प्रश्न : सांधेदुखीला दोन वर्षं एका ठिकाणची बिननावाची पावडर घेतो. दुखणं एकदम थांबलं, पण आता कमरेला नागीण झाली, साखरही वाढली. पावडर आजच बंद करतो.
— एक शेतकरी, निफाड

आज बंद करू नका, दादा. पावडरीत बहुधा स्टेरॉइड आहे: चेहरा गोल होणं, हात लावताच निळे डाग पडणं, साखर वाढणं आणि 'एकदम' गुण येणं हे त्याचं लक्षण. दोन वर्षांत तुमच्या स्वतःच्या ग्रंथींनी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं सोडून दिलेलं असणार. पावडर एका दिवसात सोडली तर रक्तदाब कोसळून, उलट्या होऊन दवाखान्यात जावं लागेल. पुड्या सोबत घेऊन फिजिशियनकडे जा. ते मोजून मापून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडच देतील आणि आठवड्या-आठवड्याला कमी करत नेतील. मध्ये सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसोल तपासतील.

प्रेडनिसोलोन दिवसाला 20 मिलीग्रॅम किंवा जास्त आणि तेही 14 दिवसांहून अधिक घेतलं, की टी-पेशी दबल्या असं धरतात. मग दबलेला क्षय उठतो, नागीण येते. म्हणून छातीचा एक्स-रे आणि एचआयव्ही तपासणी दोन्ही करा. नागिणीचं औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर फायद्याचं, तेव्हा 'उतारा' करत बसू नका. स्टेरॉइड सुटल्यावर महिनाभर तरी जिवंत लस घ्यायची नाही. बाजारसमितीच्या हंगामात वेळ नाही हे समजतं, पण हे काम कांद्याच्या लिलावाआधी उरका.

प्रश्न : एचआयव्ही आहे, सीडी4 (टी-पेशींचा एक प्रकार) 180 आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सुरू केली. रोजची ती दुसरी मोठी गोळी कशाला? ती थांबवू का?
— एक वाचक, मालेगाव

ती कोट्रायमॉक्साझोल. एका जातीचा न्यूमोनिया आणि मेंदूचा टोक्सोप्लाझ्मा टाळायला आहे. सीडी4 350 च्या वर सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा आला, की एआरटी केंद्रातले डॉक्टरच ती बंद करतील. जन्मजात आजारांत पेशी मुळातच बनत नाहीत, तुमच्या तशा नाहीत: विषाणू दबला की सीडी4 परत वाढतो. तपासणी आणि गोळ्या दोन्ही सरकारी केंद्रात मोफत आहेत. शंका असेल तर 1097 वर फोन करा. पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा गाठी वाढल्या तर गोळ्या सोडू नका, केंद्रात दाखवा. जागी झालेली प्रतिकारशक्ती लपलेल्या क्षयावर तुटून पडते, तसं असू शकतं.